शिडाच्या बोटीवर राहताना जबाबदारी कोणत्या क्रमाने वाढवावी?

सागरगोटी
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं एप्रिलपासून ११ मीटरच्या शिडाच्या बोटीवर राहतोय, ग्रीसच्या पश्चिमेला आयोनियन समुद्रात. लेफ्काडा, मेगानिसी, इथाका एवढाच पट्टा. नवऱ्याचा अनुभव जुना, माझा याच मोसमाचा. फेंडर (बोट घासू नये म्हणून बाजूला लावायच्या फुगीर उशा) बांधणं, दोर गुंडाळणं, स्वयंपाक, विंच (दोर ओढायचं चक्र) फिरवणं हे मला नीट जमतं. पण ते सगळं 'सांगितल्यावर' जमतं. तो तापाने झोपला तर बोट बंदरात नेता येईल का, याचं उत्तर आज तरी 'नाही' आहे.

शिकवायची त्याची तयारी आहे. पण वारा वाढला की सुकाणू आपोआप त्याच्या हातात जातं, आणि मीही देऊन टाकते.

प्रश्न असा, की जबाबदारी घ्यायची तर सुरुवात कुठून? इंजिन, नांगर, रेडिओ, शिडं, बंदरात बोट लावणं, सगळंच महत्त्वाचं वाटतं. माहीतगारांनी कृपया नेमकं सांगा, 'हळूहळू जमेल' नको.

नाखवा_दाभोळ
ताई, क्रम नंतर बघू. आधी एक यंत्रणा पूर्ण ताब्यात घ्या. पूर्ण म्हणजे तपासणं, वापरणं, बिघडली तर उघडणं, सुटे भाग संपायच्या आत आणणं आणि वहीत लिहिणं. त्या यंत्रणेबद्दल नवऱ्याने तुम्हाला विचारायचं. मदत आणि जबाबदारी यांत फरक एवढाच, की राहून गेलं तर ते कोणाच्या लक्षात यायला हवं होतं.

माझं मत इंजिन. आयोनियनमध्ये उन्हाळ्यात सकाळी वारा नसतो, दुपारी वायव्येकडून येतो, म्हणजे इंजिन रोज लागतं. रोज सकाळी सुरू करण्याआधी: तेलाची काठी दोन खुणांच्या मध्ये. कूलंट इंजिन थंड असतानाच बघायचं. पट्टा अंगठ्याने दाबला तर साधारण १ सेंटीमीटर दबावा; आसपास काळी भुकटी दिसली तर तो ढिला आहे किंवा पुली तिरकी आहे. समुद्राच्या पाण्याच्या गाळणीत गवत अडकलंय का, आणि पाण्याचा सीकॉक (समुद्राचं पाणी आत घेणारा नळ) उघडा आहे का. इंजिनखालच्या ट्रेमध्ये पांढरं फडकं पसरून ठेवा, म्हणजे गळती कुठून आणि कशाची ते रंगावरून कळतं. सुरू केल्यावर मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडतंय का ते बघायचं. अर्ध्या मिनिटात पडलं नाही तर बंद करा.

पाच मिनिटांचं काम आहे. ते तुम्ही करायचं, त्याने हात लावायचा नाही.

लाटांची_लेक
नाखवाकाकांशी अर्धीच सहमत. यंत्रणा ताब्यात घ्या हे खरं, पण पहिला आठवडा इंजिनावर घालवू नका. इंजिन बंद पडलं तर शिडं आहेत. अनुभवी माणूसच पाण्यात पडला तर बोटीवर उरलेल्या एकटीला काहीतरी यायलाच हवं. त्यामुळे आधी दोन गोष्टी: बोट थांबवणं आणि रेडिओ.

६ नॉट्सने जाणारी बोट एका मिनिटात १८५ मीटर पुढे जाते. मीटरभर लाटा असतील तर तेवढ्या अंतरावर डोकं दिसत नाही. ऑटोपायलट चालू असेल तर बोट तशीच जात राहते. म्हणून हॉर्सशू (नालाच्या आकाराची तरंगती रिंग) फेकायचा, प्लॉटरवरचं (नकाशाच्या पडद्यावरचं) एमओबी, म्हणजे 'माणूस पाण्यात', बटण दाबायचं आणि लगेच बोट थांबवायची. वाऱ्याला तिरकं तोंड करून जात असाल तर ऑटोपायलट स्टँडबायला टाका, सुकाणू वाऱ्याकडे वळवा, बोटीचं तोंड वाऱ्यातून पलीकडे जाऊ द्या, पण जिबची (पुढच्या शिडाची) शीट, म्हणजे ते ओढायचा दोर, सोडू नका. जिब उलट्या बाजूने फुगते. मग सुकाणू परत वाऱ्याकडे पूर्ण वळवून तिथेच बांधा. जिब एकीकडे ढकलते, मेन (मोठं शीड) आणि सुकाणू दुसरीकडे, आणि बोट जवळजवळ जागच्या जागी डुलत राहते. याला हीव्ह टू म्हणतात. दहा-बारा नॉट्स वाऱ्यात एका दुपारी वीस वेळा करा. मागून वारा असताना हे इतकं सोपं नसतं, तो सराव वेगळा.

त्यानंतरच इंजिन, आणि किल्ली फिरवण्याआधी दोन्ही बाजूंना पाण्यात लोंबणारा दोर शोधा. घाईत शीट पाण्यात जाते, बोटीखालच्या पंख्यात अडकते, आणि मग इंजिनही जातं. माणसाजवळ पोहोचलात की गिअर न्यूट्रलला.

वर घेणं हा वेगळाच प्रश्न. भिजलेला ८० किलोचा माणूस हाताने ओढून निघत नाही. लाइफजॅकेटच्या उचलायच्या फाशात हॅलयार्डचा (शीड वर चढवायच्या दोराचा) हुक अडकवायचा आणि विंचने वर घ्यायचं. लाटा असतील तर मागची शिडी टाळा, बोटीचा मागचा भाग वर-खाली आपटत असतो. सराव बादली बांधलेल्या फेंडरवर करा. नुसता फेंडर वाऱ्याने पळतो, बादली त्याला पाण्यात धरून ठेवते.

पाणकोंबडा
+१ रेडिओला. त्यात एक भर: रेडिओच्या शेजारी मजकूर लिहून चिकटवा, कारण अशा वेळी बोटीचं नावही आठवत नाही. लाल झाकण उघडून डीएससीचं (संकटाचा डिजिटल इशारा पाठवायचं) बटण काउंटडाउन संपेपर्यंत दाबून धरायचं. मग १६ नंबरच्या चॅनेलवर, पूर्ण पॉवरवर, इंग्रजीत: मेडे तीनदा, 'धिस इज' म्हणून बोटीचं नाव तीनदा, कॉलसाइन आणि एमएमएसआय (बोटीच्या रेडिओचा ओळख क्रमांक), पुन्हा मेडे आणि नाव एकदा, अक्षांश-रेखांश, काय झालंय, काय मदत हवी, बोटीवर किती माणसं, शेवटी 'ओव्हर'. बोटीचं नाव आणि नंबर आधीच छापून ठेवायचे, स्थानाची जागा रिकामी. ग्रीसमध्ये तटरक्षक दलाचा फोन १०८, आपल्याकडे १५५४. पण समुद्रात आधी रेडिओ, कारण तो आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू जातो. रेडिओचा परवाना नसला तरी जीव धोक्यात असताना कोणीही वापरू शकतो.

खारावारा
नवऱ्याच्या हातात सुकाणू जातं यावर सोपा उपाय: त्याला कॉकपिटमध्ये कांदे चिरायला बसवा. दोन्ही हात गुंतलेले आणि डोळे पाण्याने भरलेले. संध्याकाळी भजी पण होतील. :)

सागरगोटी
खारावारा, उपाय आजच करून बघते. :) लाटांची_लेक, बादलीची युक्ती वाचून फार बरं वाटलं, आम्ही नुसता फेंडरच टाकत होतो आणि तो दर वेळी पुढे पळायचा.

मंगळूरी_कौल
कांद्याच्या उपायामागे एक नियम आहे, तो गंमत सोडून सांगतो. सुकाणूची देवघेव तोंडाने झाली पाहिजे. 'सुकाणू माझ्याकडे' असं एकाने म्हणायचं, 'सुकाणू तुझ्याकडे' असं दुसऱ्याने उत्तर द्यायचं, त्यानंतरच हात बदलायचे. न बोलता हात पुढे आला तर सोडायचं नाही. खरंच धोका असेल तर अनुभवी माणूस एक शब्द बोलतोच, तेवढा हक्क त्याला हवा. पण शब्द बोलावा लागला की तोही विचार करतो, हे खरंच गरजेचं आहे की फक्त सवय आहे.

दर्यासारंग
माझं मत नांगर. बोटीवर राहणाऱ्याची झोप नांगरावर असते, आणि इथे शिकायला रोज संध्याकाळी संधी मिळते.

गणित असं. खोलीमापकावर ५ मीटर दिसतात. पण तो आकडा पाण्याच्या पातळीपासून आहे की कीलच्या (बोटीच्या तळाच्या जड पात्याच्या) खालून, हे आधी ठरवा; ११ मीटरच्या बोटीत दोन्हींत दीड-दोन मीटरचा फरक पडतो. त्यात पुढच्या रोलरची (साखळी ज्यावरून खाली जाते तो) पाण्यापासूनची उंची मिळवा, साधारण १.२ मीटर. झाले ६.२. सगळी साखळी असेल तर पाचपट, म्हणजे ३१. मी ३५ सोडतो. रात्री २५ नॉट्सचा अंदाज असेल तर सातपट. आयोनियनमध्ये भरती-ओहोटी नावापुरतीच, त्यामुळे तो हिशोब इथे नाही, पण कोकणात किंवा इंग्लंडमध्ये रात्रीतून पाणी कितीने चढणार तेही धरावं लागतं. साखळीवर दर १० मीटरला रंगाची खूण हवी.

जागा: पाण्यात फिकट दिसते ती वाळू, गडद दिसतं ते समुद्री गवत. गवतावर नांगर धरत नाही, आणि भूमध्य समुद्रातलं पॉसिडोनिया गवत संरक्षित आहे. फिकट पट्टाच शोधा.

आता मुख्य गोष्ट. नांगर तळाला टेकला की बोट सावकाश मागे जाऊ द्या आणि साखळी ढीग न होता पसरू द्या. सगळी सोडून झाली की साखळीला स्नबर (झटके शोषणारा दोर) लावा, इंजिन रिव्हर्समध्ये आधी १५०० आरपीएम, मग २०००, अर्धं मिनिट. या वेळी सुकाणूवर नवरा असू दे, तुम्ही पुढे गुडघ्यावर बसून साखळीवर तळहात टेकवा. नांगर घसरत असेल तर साखळीतून खडखड येते, दगडावरून काठी ओढल्यासारखी, थांबून थांबून. धरला असेल तर साखळी ताठ होते, हलकी गुणगुण जाणवते आणि मग काहीच नाही. शेजारी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, झाड आणि मागचं घर चालेल. रेषा तुटली नाही की बसला. हे तळहाताचं ज्ञान ॲपमध्ये मिळत नाही, आणि एकदा आलं की 'बसला' हे तुम्ही सांगायचं आणि त्याने इंजिन बंद करायचं.

विंडलासने (साखळी ओढायच्या मोटरने) बोट ओढायची नाही. काढताना इंजिनाने बोट पुढे न्या, विंडलासने फक्त ढिली साखळी गोळा करा. नाहीतर ब्रेकर पडतो, आणि तो ब्रेकर कुठे आहे हे तुम्हाला अंधारात सापडलं पाहिजे.

पुणेरी_पाल
बंदरात मात्र सुकाणू ताईंनीच घ्यावं. सुकाणू आणि थ्रॉटलला ताकद लागत नाही. अडकलेली साखळी मोकळी करायला, धक्क्यावर उतरून दोर ओढायला, शेजारच्या बोटीपासून आपली दूर ढकलायला लागते. बहुतेक जोडप्यांत वाटणी नेमकी उलटी असते.

मागचं टोक धक्क्याकडे करून लावायचं असतं तेव्हा नांगर तीन-चार बोटींच्या लांबीएवढ्या अंतरावर टाकायचा आणि लांबूनच रिव्हर्स घ्यायचा. सुकाणू पाणी वाहत असेल तेव्हाच ऐकतं. दोन-अडीच नॉट्स वेग मिळेपर्यंत बोट पंख्याच्या मर्जीने वळते. उजवा पंखा (पुढे जाताना मागून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरणारा) असेल तर रिव्हर्समध्ये मागचं टोक डावीकडे सरकतं. तुमचा कोणता ते धक्क्याला बांधलेलं असतानाच बघा: रिव्हर्स टाकला की ज्या बाजूने पाण्याचा फेस पुढे येतो, त्याच्या विरुद्ध बाजूला टोक जाणार. मोकळ्या पाण्यात एखाद्या बॉयाशेजारी दोन तास फक्त मागे-पुढे करा.

लाटांची_लेक
पुणेरी_पाल, तत्त्व पटलं, पण १५ नॉट्सचा आडवा वारा आणि दोन्हीकडे बोटी अशी पहिली वेळ नको. पुढचं टोक आधी वाऱ्याखाली ढकललं जातं आणि शेजाऱ्याच्या साखळीवर आडवं जातं. आधी सकाळी, वारा पडलेला असताना, मोकळ्या धक्क्यावर. 'बास, बाहेर, पुन्हा' हे म्हणायचा हक्क सुकाणूवाल्याचा, आणि ते म्हटल्यावर प्रश्न विचारायचा नाही. परत फिरणं हीच तिथली सगळ्यात मोठी जबाबदारी आहे.

पुणेरी_पाल
मान्य. आडव्या वाऱ्याचा मुद्दा राहिला होता.

तुळशीकट्टा
दोघांमध्ये हेडसेट घ्या. पुढून मागे ओरडलं की इंजिनाच्या आवाजात 'सोड' आणि 'ओढ' सारखंच ऐकू येतं. हेडसेट नसतील तर हाताच्या खुणा, आणि त्याही आदल्या रात्री ठरवलेल्या.

गोव्याची_माडी
थोडं अवांतर. २ ऑक्टोबर २०२४ ला लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. नौदलाच्या 'तारिणी' या शिडाच्या बोटीवरून गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ ला परतल्या. दोघीच. दोघांची बोट म्हणजे एक जण झोपला की दुसरा एकटाच असतो. 'दोघं आहोत' हा हिशोब चुकीचा. आळीपाळीने एकेकटे आहोत, हा खरा. ताईंचा प्रश्न म्हणूनच इतका योग्य आहे. हीच 'तारिणी' २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली सहा जणींनी जगभर नेली होती, तेव्हा सहा जणी होत्या, आता दोन. पहारा किती बदलत असेल बघा.

अन्नपूर्णा_डेक
सागरगोटी, स्वयंपाक तुम्ही करता म्हणालात, म्हणजे बोटीवरची सगळ्यात धोकादायक यंत्रणा आत्ताही तुमच्याच हातात आहे. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात तो खिडकी-दाराखालून निघून जाऊ शकतो, बोटीत बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. प्रत्येक वेळी शेगडी वापरून झाली की सिलिंडरचा व्हॉल्व्ह किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) बंद, रात्रीपुरता नव्हे. आधी व्हॉल्व्ह बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत विझू द्या, मग शेगडीची खुंटी बंद करा. महिन्यातून एकदा प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला बाहेर जाणारं भोक असतं, ते दोर-पिशव्यांनी बुजलेलं नाही ना तेही. हे वहीत तुमच्या नावाने लिहा.

सागरगोटी
हे असं कोणी मांडलंच नव्हतं. मनापासून आभार. भोक आत्ता जाऊन पाहिलं, त्यावर कॅनव्हासची पिशवी होती. काढली.

नाखवाकाका, इंजिनाचं रोजचं बघणं समजलं. पण पाणी पडत नाही म्हणून बंद केलं, तर पुढे काय?

नाखवा_दाभोळ
पुढे बहुतेक वेळा दोनच गोष्टी. गाळणी तुंबलेली, नाहीतर इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चक्र) गेलेला. सीकॉक बंद करून गाळणी बघा. ती साफ असेल तर पंपाचं झाकण काढा, चार ते सहा स्क्रू असतात. खाली फडकं धरा, स्क्रू पडला की बिल्जमध्ये जातो. इम्पेलर पकडीने सरळ बाहेर ओढा आणि पाती मोजा. एखादं पातं तुटलेलं असेल तर नवा बसवून काम संपत नाही. तो तुकडा पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने कूलंट थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी बसतो, मग नवीन इम्पेलर असूनही इंजिन तापत राहतं आणि कारण सापडत नाही. सगळे तुकडे टेबलावर जुळवा, जिगसॉसारखे, पूर्ण पातं होईपर्यंत.

नव्याला भांड्यांचा साबण लावा, ग्रीस नको, पेट्रोलियमने रबर खराब होतं. पंप फिरतो त्याच दिशेने फिरवत आत सरकवा, म्हणजे पाती फिरायच्या दिशेच्या उलट, मागे वाकलेली राहतील. झाकणाखालचा कागदी गॅस्केट नवीन. सीकॉक उघडा. हे विसरलात तर नवा इम्पेलरही कोरडा फिरून जळतो. किल्ली सीकॉकच्या दांड्यावर टांगायची सवय लावा: बंद केला की किल्ली तिथे, उघडल्याशिवाय किल्ली मिळत नाही.

आणि एक, पुस्तकांत सहसा सापडत नाही असं. डिझेलमध्ये हवा शिरली म्हणून इंजिन सुरू होत नसेल आणि तुम्ही पुन्हा पुन्हा स्टार्टर मारत असाल, तर तेवढ्यापुरता सीकॉक बंद ठेवा. नाहीतर दर स्टार्टला पंप पाणी ढकलतो, बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, मफलर भरतो आणि पाणी उलटं इंजिनात. धडधडलं की ताबडतोब उघडा.

मंगळूरी_कौल
मूळ प्रश्नाकडे. वरची सगळी कामं आली तरी निर्णय दुसऱ्याचाच राहू शकतो. म्हणून आठवड्यातला एक दिवस पूर्ण तुमचा ठेवा. आदल्या रात्री अंदाज तुम्ही बघायचा, कुठे जायचं, कधी निघायचं, किंवा निघायचंच नाही, हे तुम्ही ठरवायचं. निघण्याआधी पाच मिनिटं त्याला तोंडी योजना सांगायची: अंतर, लागणारा वेळ, वारा कुठून, अर्ध्या वाटेत वळायचं ठरलं तर कुठे आसरा. दिवसभर तो फक्त खलाशी. पहिला रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) कधी घ्यायचा हेही तुमच्याकडे. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १० चा २० नॉट्स झाला तर चौपट, म्हणून 'घ्यावा का' असा विचार डोक्यात आला की तेव्हाच घ्यायचा.

रात्रीच्या पहाऱ्यासाठी दोघांनी मिळून उठवायचे नियम लिहा. वारा १८ नॉट्स, दुसरं जहाज २ मैलांच्या आत येणार असं एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारं यंत्र) दाखवत असेल, बॅरोमीटर ३ तासांत ३ हेक्टापास्कल उतरला, इंजिनाचा आवाज बदलला, किंवा नुसती शंका आली. शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा, आणि त्यासाठी उठवल्यावर कधीही कुरकुर नाही. दर १० मिनिटांनी चौफेर नजर, कारण आपण ५ ने जात असताना २० नॉट्सचं जहाज समोरून आलं तर ५ मैलांचं अंतर १२ मिनिटांत संपतं. एखाद्या दिव्याची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल आणि तो मोठा होत असेल, तर टक्कर आहे. एकटीने कॉकपिट सोडून पुढे जायचं नाही, हार्नेस कायम अडकवलेला.

सागरगोटी
सगळं वहीत उतरवलं. ठरवलंय ते असं. गॅस आजपासून माझा. इंजिनाची सकाळची तपासणी उद्यापासून माझी, इम्पेलर एकदा बंदरात असतानाच काढून परत बसवणार. हा आठवडा लेफ्काडातल्या व्लिखोच्या खाडीत: हीव्ह टू आणि बादलीचा फेंडर सकाळी, नांगर दुपारी, तीनदा मी पुढे साखळीवर आणि तीनदा सुकाणूवर. मेडेचा मजकूर छापून झाला. माझा दिवस बुधवार, हे नवऱ्याने स्वतःच कॅलेंडरवर लिहिलं.

एक शंका. उठवायचा नियम १८ नॉट्स, तो खरा वारा की बोटीवर जाणवणारा?

लाटांची_लेक
खरा. आणि चांगलं केलं विचारलंत, फसगत इथेच होते. १५ नॉट्सच्या खऱ्या वाऱ्यात तिरक्या तोंडाने साडेपाचने जाताना यंत्रावर १९ दिसतात, म्हणजे तुम्ही उगाच उठवाल, त्यात नुकसान नाही. पण मागून २० असताना ६ ने पळत असाल तर जाणवतात फक्त १४. सगळं शांत, गरम, छान वाटतं. मग काही कारणाने वाऱ्याकडे वळलात की एकदम पंचवीस, आणि पूर्ण शिडं वर. यंत्र खरा वारा दाखवत नसेल तर दोन आकडे लिहा: समोरून २२, मागून १२.